लिहून नेले त्याचे काय झाले?

गतवर्षी ऐन कापूसवेचणीच्या दिवसांत विद्यार्थ्यांसह धुळे जिल्ह्यातील एका गावी पाहणीसाठी गेलो होतो. एका शेतकरी बाईने काम थांबवून तासभर उत्तरे दिली आणि उठताना एवढेच विचारले की, मागे आलेल्यांनी लिहून नेले त्याचे काय झाले? मागे आलेले आम्हीच होतो. उत्तर मजपाशी नव्हते.

हाच प्रश्न वर्षानुवर्षांच्या पाहणीत किती मोठा होत असेल! १९७५ साली हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेने कोरडवाहू मुलखातील सहा गावे अभ्यासासाठी निवडली. त्यांपैकी चार महाराष्ट्रातली : अकोला जिल्ह्यातील कंझरा व किनखेड, सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कळमण. प्रत्येक गावी चाळीस कुटुंबे. दर तीन-चार आठवड्यांनी पाहणीकार दारी येई आणि पेरणी, मजुरी, कर्ज, घरखर्च टिपून घेई. या नोंदींवर जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी काम केले. रॉबर्ट टाउनसेंड यांचा १९९४ चा गाजलेला निबंध यांतील तीन गावांवर आधारलेला आहे. एखाद्या घराचे उत्पन्न बुडाले तरी त्याचा खाण्यापिण्याचा खर्च त्या प्रमाणात घसरत नाही, कारण गाव सावरून घेते. मात्र तीनपैकी एका गावी भूमिहीनांना हा आधार कमी मिळतो, असे त्यात दिसले. कंझऱ्याच्या शेतकऱ्याला यातले नवे काय वाटले असते, कोण जाणे.

आता खर्चाची बाजू. वर्षाला तेरा भेटी व भेटीस एक तास धरला, तर चाळीस कुटुंबांचे पाचशे वीस तास, म्हणजे पासष्ट दिवसांची मजुरी होते. शेतखर्चाच्या कोष्टकात हा रकाना आम्ही कधी आखलेला नाही.

संशोधनाचे फळ गावाच्या पदरात पडतच नाही, असे मात्र नव्हे. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची सेवा दिली आणि अर्भकमृत्यू निम्म्याच्या आसपास घटल्याचे १९९९ साली जगापुढे मांडले. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत नेहमीच्या सरकारी सेवाच होत्या. तेथले मृत्यूही मोजले गेले. त्या मोजणीवाचून सिद्धता नव्हती, आणि पुढे २०११ पासून ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत ही सेवा देशभर गेली. परंतु मधल्या वर्षांची किंमत त्या ४७ गावांनी दिली, हे आपण क्वचितच बोलतो.

खानदेशातील महाविद्यालयांतून दरवर्षी असे कितीतरी प्रकल्प अहवाल बांधले जातात आणि कपाटात जातात. निष्कर्ष ग्रामसभेत, अहिराणीत, वाचून दाखविल्याखेरीज अहवालास गुण देऊ नयेत, अशी सूचना मी विभागात मांडली आहे. अभ्यासक्रमात तशी तरतूद नाही, असे सहकारी म्हणतात. दिवाळीनंतर त्या गावी आम्ही जाणार आहोत. या खेपेस प्रश्नावली नेणार नाही.