उत्तर न सांगणारा सोबती

जयपूरहून टोंक रोडने सांगानेरकडे निघालं की वाटेत दुर्गापुरा लागतं. जुन्या लोकांना ते माहीत आहे रेल्वे स्थानकामुळे आणि राजस्थान कृषी संशोधन संस्थेमुळे. राज ३०७७, राज ३७६५, राज ४०३७ हे गव्हाचे वाण याच संस्थेचे. आता या भागात सगळीकडे दिसतात ती खोल्या घेऊन राहणारी मुलंमुली. गोपालपुरा बायपासचे कोचिंग क्लास जवळ, राजस्थान विद्यापीठ शहराच्या बाजूला थोडं पुढे. गावाकडून आलेली ही मुलं महिन्याचे पैसे भरून ‘लायब्ररी’त जागा घेतात. पुण्यात सदाशिव पेठेत अभ्यासिका असतात, तसाच हा प्रकार. प्रत्येकाला एक टेबल, एक दिवा, मोबाइल चार्जिंगची सोय आणि बोलायला बंदी.

पाठांतराला आणि उजळणीला ही शांतता चांगलीच. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राला मात्र ती पुरत नाही, असं माझं ठाम मत आहे. या विषयातल्या चुका लबाड असतात. गणित बरोबर सुटतं, मार्क मिळतात आणि चुकीची समजूत आत तशीच राहते. मोठ्याने बोलल्याशिवाय ती दुसऱ्याला काय, स्वतःलाही दिसत नाही. १९८५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा अभ्यासात शाळेतल्या मुलांना रासायनिक समीकरणं संतुलित करायला दिली होती. ती सगळ्यांना जमली. मग त्याच समीकरणातले रेणू गोल काढून दाखवा म्हटल्यावर निम्मी मुलं अडली. हायड्रोजनचे तीन रेणू म्हणजे दोन-दोन अणूंच्या तीन जोड्या. काहींनी सहा गोल एकमेकांना चिकटवून टाकले. सूत्रापुढचा तीन आणि चिन्हाखालचा दोन यांत फरक काय, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. दुर्गापुऱ्यातल्या एखाद्या खोलीत चार मुलं बसली आहेत असं धरा. प्रश्न असा: २८ ग्रॅम नायट्रोजन आणि ७ ग्रॅम हायड्रोजन यांच्यापासून अमोनिया करायचा आहे, तर आधी काय संपेल? पुस्तकात याला लिमिटिंग रिएजंट म्हणतात. पहिला मुलगा म्हणतो, हायड्रोजन, कारण तो वजनाने कमी आहे. दुसरी म्हणते, ग्रॅम बघायचेच नाहीत, मोल काढायचे. नायट्रोजन १ मोल, हायड्रोजन साडेतीन मोल, म्हणून नायट्रोजन आधी संपणार. दुसरीचं उत्तर बरोबर आहे. उत्तरसूची हाताशी असती तर ती खूण करून पुढे गेली असती आणि पहिल्याने तिचं बघून उतरवलं असतं.

आता गेल्या वर्षी हाच पेपर दिलेला कुणी तिथे असेल तर तो एवढंच म्हणेल: हायड्रोजन ७ ग्रॅमऐवजी ४ ग्रॅम घ्या. आता हायड्रोजन २ मोल झाला. दुसरीच्या पद्धतीने १ मोल नायट्रोजन अजूनही कमी, म्हणजे तोच आधी संपायला हवा. पहिला अजूनही हायड्रोजनवर अडून आहे. या वेळी बरोबर आहे तो पहिला, आणि तोही चुकीच्या कारणाने. एका प्रश्नात एकाची पद्धत खोटी पडते, दुसऱ्या प्रश्नात दुसरीची. मग तिसरी, आतापर्यंत गप्प बसलेली मुलगी समीकरणाकडे बोट दाखवते: एका नायट्रोजनला तीन हायड्रोजन लागतात. १ मोल नायट्रोजनला ३ मोल हायड्रोजन हवा, आपल्याकडे दोनच आहे. पहिल्या वेळी साडेतीन होता, म्हणून पुरून उरला होता. ग्रॅम किती किंवा मोल किती एवढ्यावर भागत नाही, कुणाला किती लागतं ते पाहावं लागतं. मग चौघं मिळून ताळा करतात. पहिल्या प्रश्नात ३४ ग्रॅम अमोनिया आणि १ ग्रॅम हायड्रोजन शिल्लक, एकूण ३५. सुरुवातीलाही ३५ ग्रॅमच होते.

यात कुणी कुणाला शिकवलं, हे सांगता येणार नाही. अशा गटात सुरुवातीला एकालाही उत्तर येत नसलं तरी चर्चेनंतर समज वाढते, याचा पुरावा आहे. कोलोरॅडो विद्यापीठातल्या आनुवंशशास्त्राच्या वर्गातला हा अभ्यास २००९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. विद्यार्थी आधी एकट्याने उत्तर देत, मग शेजाऱ्यांशी बोलून त्याच प्रश्नाचं उत्तर पुन्हा देत, आणि नंतर त्याच कल्पनेवरचा नवा प्रश्न परत एकट्याने सोडवत. हुशार मुलाचं बघून बाकीचे लिहितात, ही शंका त्या शेवटच्या प्रश्नाने तपासली गेली. एकट्याने दिलेली उत्तरंही सुधारली होती.

रसायनशास्त्रात अशा गटचर्चेला शिस्तशीर रूप मिळालं न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला. कष्टकरी आणि स्थलांतरित घरांतली मुलं तिथे मोठ्या संख्येने शिकतात. पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्रात व्याख्यानाचा एक तास कमी करून दर आठवड्याला दोन तासांची गटकार्यशाळा ठेवली. सहा ते आठ जणांचा गट, आणि त्याचा म्होरक्या म्हणजे हाच कोर्स नुकताच चांगल्या तऱ्हेने पार केलेला विद्यार्थी. नॅशनल सायन्स फाउंडेशनने पैसा दिला, इतर विद्यापीठं सामील झाली आणि पद्धतीला नाव पडलं पीअर-लेड टीम लर्निंग, थोडक्यात पीएलटीएल. तिच्या उभारणीतल्या प्रमुखांपैकी एक प्रतिभा वर्मा-नेल्सन. त्यांनी रसायनशास्त्राची बीएस्सी पुणे विद्यापीठातून १९७० साली केली आणि पुढे शिकागोत पीएचडी. डेव्हिड गॉसर आणि जॅक कॅम्पमायर या सहकाऱ्यांसह त्यांना २००८ चा जेम्स फ्लॅक नॉरिस पुरस्कार मिळाला; रसायनशास्त्राच्या अध्यापनातला हा मोठा सन्मान. पुण्यात बीएस्सी झालेल्या एका बाईंचं हे काम आपल्या रसायनशास्त्र विभागांमध्ये सगळ्यांना माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

या पद्धतीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा नियम असा की कार्यशाळेत उत्तरसूची नसते. म्होरक्याकडेही नसते. उत्तर बरोबर आहे की नाही हे गटानेच ठरवायचं, ताळा घेऊन, दुसऱ्या वाटेने सोडवून, एकमेकांना पटवून. म्होरक्याचं काम प्रश्न विचारण्याचं, गप्प बसलेल्याला बोलतं करण्याचं, आणि एकच जण फळा बळकावत असेल तर खडू दुसऱ्याच्या हाती देण्याचं. हे आपोआप येत नाही. म्हणून त्याला दर आठवड्याला प्रशिक्षण असतं आणि प्राध्यापकाशी बैठक असते. प्राध्यापक बाजूला होत नाही. प्रश्न तोच तयार करतो, आणि ते एकट्याला सहज सुटणार नाहीत इतके अवघड ठेवतो. सोपे प्रश्न दिले तर प्रत्येक जण आपापल्या वहीत डोकं घालतो आणि गट उरत नाही.

मोठ्या मुलांनी धाकट्यांना शिकवणं आपल्याला नवं नाही. अँड्र्यू बेल याने मद्रासच्या अनाथाश्रमात ही रीत वापरली, १७९७ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं आणि इंग्लंडमध्ये ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून गाजली. मद्रासकडच्या शाळांत वाळूवर अक्षरं गिरवणारी मुलं पाहून त्याला ती सुचली होती. पण त्या पद्धतीतला मोठा मुलगा घोकून घेई, हजेरी घेई, हुकूम देई. आपल्या वसतिगृहांत परीक्षेच्या आदल्या रात्री जे चालतं तेही बरंचसं त्याच वळणाचं आहे. एक हुशार मुलगा सांगतो, दहा जण लिहून घेतात. त्या रात्री शिकतो तो सांगणारा, कारण शब्द जुळवताना त्याला स्वतःच्या समजुतीतल्या फटी दिसतात. ऐकणाऱ्यांच्या हाती नोट्स उरतात.

नुकताच पास झालेला विद्यार्थी या कामाला प्राध्यापकापेक्षा उपयोगी का, याचं कारण साधं आहे. वीस वर्षं शिकवणाऱ्याला मोल ही कल्पना कधीकाळी अवघड वाटली होती हे आठवत नाही. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला ती नेमकी कुठे अडली होती तेही आठवतं. शिवाय त्याच्यासमोर बोलायची भीती वाटत नाही, आणि बोलणं आपल्या भाषेत होतं. राजस्थानात बरीच मुलं बारावीपर्यंत हिंदीत शिकून येतात. महाराष्ट्रात दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्यांना अकरावी सायन्सला एकदम इंग्रजीला तोंड द्यावं लागतं. इंग्रजी पुस्तकातला परिच्छेद मराठीत किंवा जयपूरकडच्या ढूंढाडी बोलीत कुणाला तरी सांगून दाखवणं ही समजल्याची खरी परीक्षा आहे, आणि वर्गात ती द्यायला सवड मिळत नाही.

अशा गटांना दुर्गापुऱ्यात प्रश्नांचा तोटा पडू नये. शेतीचं संशोधन शेजारी चालतं आणि देशातलं बहुतेक जिप्सम राजस्थानातच निघतं. चोपण जमीन सुधारायला शेतकरी जिप्सम टाकतात. सांगली-कोल्हापूरच्या पाण्याखालच्या पट्ट्यातही टाकतात. मग पहिल्या वर्षाच्या गटाला विचारावं: मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम हटवायला कॅल्शियम हवा, तो चुनखडीतही आहे, मग जिप्समच का? विद्राव्यता, आयनांची अदलाबदल, सामू, तिन्ही धडे यात येतात. एक लिटर पाण्यात जिप्सम दोन ग्रॅमच्या वर विरघळतं, आणि अल्कधर्मी जमिनीत चुनखडी जवळजवळ विरघळतच नाही. तिथे पोचायला गटाला अर्धा तास तरी भांडावं लागेल.

खर्चाचं म्हणाल तर एक फळा, आठ खुर्च्या आणि बोलायला परवानगी असलेली खोली लागते. म्होरक्याला थोडं मानधन मात्र द्यावं. अमेरिकेत अनेक ठिकाणी ते देतात, आणि त्याने कामाला वेळ आणि जबाबदारी दोन्ही येतात. पुणे विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना जुनी आहे; कार्यालयात, ग्रंथालयात, बागेत काम करणाऱ्या गरजू मुलांना तीत तासांवर पैसे मिळतात. त्या कामांच्या यादीत पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राचा गट चालवणं घालता येईल. मग एखाद्या विभागाने या सत्रात दोन गटांपासून सुरुवात करावी आणि पहिल्या चाचणीआधी त्यांना ४ ग्रॅम हायड्रोजनचा प्रश्न द्यावा.