रिचर्ड, तिसरा : वंशपरंपरेचा शोध

(२ ऑक्टोबर १४५२–२२ ऑगस्ट १४८५). इंग्लंडचा यॉर्क घराण्यातील अखेरचा राजा (कार. १४८३–८५). उत्तरमध्ययुगीन इंग्रज व्यक्तीची वंशपरंपरा कागदपत्रे व आनुवंशिकी या दोहोंच्या आधारे तपासली गेल्याचे हे ठळक उदाहरण होय.

इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या चर्चमधील नोंदवह्या १५३८ पासून ठेवल्या जाऊ लागल्या. त्यापूर्वीच्या काळासाठी मृत जमीनधारकाचा वारस ठरविणारी सरकारी चौकशीपत्रे, मृत्युपत्रे, दानपत्रे, मुद्रा आणि न्यायालयीन नोंदी यांवर विसंबावे लागते. ही साधने मुख्यतः मालमत्तेच्या हक्कासाठी निर्माण झाली. त्यामुळे त्यांतून कायद्याने मान्य केलेले नाते कळते. भूमिहीनांचे उल्लेख त्यांत विरळ आहेत.

पितृवंशाने रिचर्ड हा तिसऱ्या एडवर्डचा (१३१२–७७) मुलगा एडमंड याच्या शाखेतील होता. तथापि सिंहासनावरील यॉर्क घराण्याचा हक्क मुख्यतः त्याची आजी ॲन मॉर्टिमर हिच्याकडून आला. ती एडमंडचा वडील भाऊ लायोनेल याच्या मुलीच्या वंशातील होती.

बॉझवर्थच्या लढाईत मारल्या गेलेल्या रिचर्डचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टर येथे, ग्रेफ्रायर्स मठाच्या जागेवरील वाहनतळाखाली सापडला. आईकडूनच अपत्यांकडे येणारा तंतुकणिकांमधील डीएनए रिचर्डची बहीण ॲन हिच्या अखंड स्त्रीवंशातील दोन वंशजांशी ताडून पाहण्यात आला. एकाशी तो तंतोतंत जुळला, दुसऱ्याशी केवळ एका स्थानी फरक आढळला. कालनिर्णय व अस्थींवरील जखमा यांनीही ओळखीला पुष्टी मिळाली. २०१५ मध्ये लेस्टर कॅथीड्रलमध्ये अस्थींचे पुन्हा दफन झाले.

पित्याकडून पुत्राकडे जाणारे वाय गुणसूत्र मात्र जुळले नाही. तुलनेसाठी बोफर्टचा पाचवा ड्यूक हेन्री सॉमरसेट (१७४४–१८०३) याच्या पुरुषवंशातील पाच व्यक्ती निवडल्या होत्या. कागदोपत्री हा वंशही एडवर्डचा मुलगा जॉन ऑफ गाँट याच्याद्वारे तिसऱ्या एडवर्डपर्यंत पोहोचतो. यावरून रिचर्ड व हा ड्यूक यांना जोडणाऱ्या १९ दुव्यांपैकी निदान एका ठिकाणी नोंदलेला पिता हा जैव पिता नव्हता, असे दिसते. तो दुवा कोणता, हे निश्चित झालेले नाही; म्हणून कोणत्याही राजाच्या औरसत्वाविषयी यातून निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय विवाहात जन्मलेले अपत्य कायदा पतीचेच मानी, आणि सातव्या हेन्रीने १४८५ मध्ये मिळविलेले राज्य युद्धातील विजय व पार्लमेंटची मान्यता यांवर उभे होते. वंशावळ प्रथमतः मान्य झालेल्या नात्यांचा लेख असते. रक्तसंबंधाचा पुरावा तिच्याहून वेगळा मानावा लागतो.