अजिंठ्याचे फूट आणि मीटर

अजिंठ्याची लेणीं पाहून मंडळी घरीं परतलीं कीं पुढें दोन दिवस आंकड्यांचा वाद रंगतो. आजोबांच्या कपाटांतील जुन्या इंग्रजी पुस्तकांत वाघूर नदीवरील तो कडा सुमारे २५० फूट उंच. नातवाच्या पुस्तकांत तोच ७६ मीटर. आणि आजीबाईंना हवें असतें तें 'हात किती?' याचें उत्तर. शेवटीं मुलगा विचारतो, "यांतला खरा आंकडा कोणता?" मुलाच्या प्रश्नाची बोळवण करूं नये, तो दिसतो त्याहून खोल आहे.

एक फूट म्हणजे ३०.४८ सेंटिमीटर. त्या हिशेबानें २५० फुटांचे ७६.२ मीटर होतात. गुणाकारांत यत्किंचितहि चूक नाहीं. पण 'सुमारे २५० फूट' म्हटलें कीं कडा २४० फूट असेल किंवा २६० हि असेल, असें आपण मनांत धरूनच चालतों. '७६ मीटर' म्हटलें कीं मात्र वाटतें, कोणी साखळी लावून तो मोजला आहे. ७५ नव्हे आणि ७७ हि नव्हे! दहा फुटांची फारकत म्हणजेच तीन मीटर. तेव्हां ७६ मधल्या त्या सहाला आधार कशाचा? त्यापेक्षां 'सुमारे ७५ मीटर' असें लिहिणें अधिक प्रामाणिक.

याच ठिकाणीं शहाणपणाचेंहि उदाहरण सांपडतें. लेण्यांची नालाकृति रांग जुन्या वर्णनांत सुमारे ६०० वार लांब सांगितली आहे. त्याचे काटेकोर मीटर ५४८.६४ होतात, पण अलीकडच्या पुस्तकांत आढळतात ते ५५०. अंदाजाचें रूपांतर अंदाजांतच राहिलें, हें योग्य झालें.

इ. स. १८१९ मध्यें जॉन स्मिथ हा इंग्रज अंमलदार शिकारीच्या निमित्तानें तेथें पोंचला. त्यानंतरचीं वर्णनें साहजिकच फूट-वारांत झालीं. आपल्या देशांत मेट्रिक मापांचा कायदा आला तो १९५६ सालीं. त्यामुळें जुन्या पुस्तकांतून नव्यांत येतांना आंकड्यांना वेश पालटावा लागला, आणि त्या गडबडीत 'सुमारे' हा शब्द पुष्कळदां वाटेंत गळाला.

दुसरी चूक याहून महाग पडणारी. दहाव्या क्रमांकाचें चैत्यगृह सुमारे ३०.५ मीटर लांब व १२.२ मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ १०० फूट व ४० फूट. फुटांत क्षेत्रफळ ४,००० चौरस फूट. आतां त्याचे चौरस मीटर किती? एका मीटरचे ३.२८ फूट हें मुलांना पाठ असतें; म्हणून तीं ४,००० ला ३.२८ नें भागून १,२२० असें उत्तर देतात. खरें उत्तर आहे सुमारे ३७२! चौरसाला लांबी व रुंदी अशा दोन बाजू असतात, म्हणून ३.२८ नें दोनदां भागावें लागतें. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. चैत्यगृहाच्या बाबतींत ही चूक हंसण्यावारी नेतां येईल. पण घर घेतांना १,००० चौरस फुटांचे ९३ ऐवजीं ३०५ चौरस मीटर धरणाऱ्या गृहस्थास हंसूं येणार नाहीं.

या चैत्यगृहांत ३९ खांब आहेत. हा आंकडा मात्र कोणत्याहि पद्धतींत बदलत नाहीं. कारण तो मोजमापाचा नव्हे, मोजदादीचा. मुलांकडून तेथें खांबच मोजवून घ्यावे. मापें आणि मोजदाद यांतला भेद न सांगतां कळतो.

राहिल्या आजीबाई. सव्विसाव्या लेण्यांतील महापरिनिर्वाणाची बुद्धमूर्ति सुमारे ७ मीटर लांब आहे. चोखंदळ विद्यार्थी त्याचे २२ फूट साडेअकरा इंच करील, आणि वर सांगितलेलीच चूक पुन्हां करील. २३ फूट म्हणावें. दीड फुटाचा एक हात धरला तर पंधरा हातांहून थोडी अधिक. नऊवारी लुगडें म्हणजे अठरा हात. तें मूर्तीच्या पायांपासून मस्तकापर्यंत पसरलें, तरी अडीच हातांच्यावर पदर उरेल. आजीबाईंना याहून अधिक सूक्ष्म माप नको असतें. आणि मूर्ति केवढी आहे हें घरांतल्या सर्वांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें तें या उत्तरानेंच.