पद्मिनीचा कार्ब्युरेटर बदलताय? आधी एवढं तपासा!

अहिल्यानगर : अंगणात झाकून ठेवलेली वडिलांची प्रीमियर पद्मिनी सुरू होते, पण सिग्नलला बंद पडते. पेट्रोलचा वास येतो, मायलेजही घटलंय. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, ‘कार्ब्युरेटर बदलून टाका!’ पण कुठला बसवायचा? आणि बदलण्याची खरंच गरज आहे का?

दोष नक्की कुठे?
आधी प्लग, पॉइंटचा गॅप आणि टायमिंग तपासावं. बिघडलेल्या इग्निशनची लक्षणं कार्ब्युरेटरच्या बिघाडासारखीच दिसतात. त्यानंतर थ्रॉटलचा दांडा बोटाने आडवा हलवून पाहावा. तो खडखडत असेल, तर तिथून जादा हवा शिरते आणि आयडलिंग स्थिर राहत नाही. दांडा घट्ट असेल, तर सफाई, नवी फ्लोट नीडल आणि गॅस्केट एवढ्यावरही काम भागू शकतं.

मोठा म्हणजे चांगला?
नाही. पद्मिनीचं इंजिन १,०८९ सीसीचं. मिनिटाला ४,८०० फेऱ्यांवरही ते जास्तीत जास्त २,६०० लिटर हवा ओढेल. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो आणि त्यामुळेच जेटमधून पेट्रोल वर खेचलं जातं. गळा गरजेपेक्षा मोठा असेल, तर कमी वेगात हवा संथ होते, पेट्रोल नीट खेचलं जात नाही आणि गाडी अडखळते.

घेताना काय जुळवायचं?
- मूळ सोलेक्स कार्ब्युरेटरवरचा कोरलेला क्रमांक
- फ्लँजच्या बोल्टमधलं अंतर
- गळ्याचा व्यास आणि जेटचे आकडे
- चोक आणि ॲक्सिलरेटरच्या जोडणीची बाजू

दुसऱ्या गाडीचा कार्ब्युरेटर ॲडॉप्टर लावून बसतो. पण त्याचे जेट त्या गाडीच्या इंजिनासाठी ठरवलेले असतात. नुसता बसला म्हणजे जुळला, असं होत नाही.

इथेनॉलचा नवा पेच
साखर कारखान्यांच्या या जिल्ह्याला इथेनॉल नवं नाही. जुन्या कार्ब्युरेटरला मात्र ते नवं आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत तेवढ्याच हवेला असं इंधन साधारण ७ ते ८ टक्के जास्त लागतं. नव्या गाड्यांत सेन्सर हा हिशेब सांभाळतो. कार्ब्युरेटरला ते जमत नाही, त्यामुळे मिश्रण पातळ होतं. प्लगचं टोक पांढरट दिसत असेल, तर किंचित मोठा मेन जेट लावून पाहावा. फिकट तपकिरी रंग योग्य. जुने रबरी पाइप आणि सीलही इथेनॉलने फुगतात. ते इथेनॉल सोसणारे घ्यावेत. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल काढून ठेवावं.

शेवटची परीक्षा पीयूसीची
भारत स्टेज निकषांआधीच्या पेट्रोल कारसाठी आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. मिश्रण जाड झालं की हा आकडा चढतो. म्हणून कार्ब्युरेटर बसवल्यावर मिश्रणाचा स्क्रू गॅस ॲनालायझर लावूनच जुळवून घ्यावा.

आणि जुना कार्ब्युरेटर? तो भंगारात देऊ नये. ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ नोंदणी करता येते आणि त्यासाठी इंजिनात मोठे फेरफार नसावेत, अशी अट आहे. पद्मिनीच्या सुरुवातीच्या गाड्या आता त्याच उंबरठ्यावर आहेत. झिजलेल्या दांड्याला लेथवर नवं बुश बसवता येतं; मूळ सोलेक्स मात्र एकदा विकला की पुन्हा मिळेलच, याची खात्री नाही.