सर्व्हर घेण्यापूर्वी भार मोजा

दुकानातला संगणक मंद झाला की आपले बरेच व्यापारी बांधव थेट नव्या सर्व्हरची चौकशी करू लागतात. बिले, उधारी आणि गोदामातला साठा ज्या यंत्रावर नोंदलेला असतो आणि सगळे काउंटर ज्याच्याकडे माहिती मागतात, तो हा डेटाबेस सर्व्हर. टेम्पो घेताना आपण माल किती, खेपा किती याचा हिशेब करतो. सर्व्हर घेताना मात्र 'मोठ्यातला मोठा द्या' असे सांगून मोकळे होतो. यात पैसा जातो आणि अडचण तशीच राहते.

मोजायच्या गोष्टी चार : प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क. विंडोजमध्ये यासाठी 'परफॉर्मन्स मॉनिटर' असतोच. लिनक्सवर 'सार' आणि 'आयओस्टॅट' ही साधने मोफत मिळतात. दर 15 सेकंदांनी नोंद होईल अशी व्यवस्था करून ती निदान महिनाभर चालू ठेवावी. जीएसटी विवरणाच्या 11 आणि 20 या तारखा आणि महिनाअखेर त्यात यायलाच हवी.

सरासरीवर विसंबू नका. दिवसभराची सरासरी 20 टक्के दिसेल. पण संध्याकाळी दोन तास प्रोसेसर 90 टक्क्यांवर असेल, तर गिऱ्हाईक ताटकळते ते त्याच वेळी. हंगामाचेही तसेच. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. म्हणून मार्चची तुलना मार्चशी न करता रमजानची रमजानशी करावी. 2025 मध्ये ईद आणि आर्थिक वर्षाची अखेर एकाच दिवशी, 31 मार्चला आली होती. असा दुहेरी भार नोंदीत वेगळा दाखवावा.

आता निदान. प्रोसेसर मोकळा आहे, पण डिस्कला प्रत्येक वाचनासाठी 20 मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागतो, तर दोष बहुधा डिस्कचा किंवा अपुऱ्या मेमरीचा. मिनिटाला 7200 फेऱ्यांची जुनी हार्ड डिस्क सेकंदाला शंभराच्या आसपासच विखुरलेली वाचने करते. एसएसडी हजारोंनी करते. अशा वेळी नुसती डिस्क बदलूनही काम भागते.

एसक्यूएल सर्व्हरची मोफत 'एक्स्प्रेस' आवृत्ती वापरणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. 2022 पर्यंतच्या एक्स्प्रेसमध्ये डेटासाठी राखलेली मेमरी प्रत्येक इन्स्टन्सला 1410 मेगाबाइटच्या पुढे जात नाही आणि प्रोसेसरचे चारच कोअर वापरले जातात. तिच्यासाठी 64 जीबी मेमरी घेणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे.

एखादाच अहवाल रखडत असेल तर सॉफ्टवेअरवाल्याला इंडेक्स तपासायला सांगा. अनुक्रमणिका नसलेली खातेवही पहिल्या पानापासून चाळावी लागते, तसेच इथे होते. त्यावर नवे यंत्र हा उपाय नव्हे.

हे सारे करूनही भार उरला, तरच खरेदीचा हिशेब मांडा. समजा, गर्दीच्या वेळी डिस्कवर सेकंदाला 400 मागण्या येतात आणि धंदा वर्षाला 20 टक्के वाढतो. तीन वर्षांनी त्या सुमारे 690 होतील. 30 टक्के मोकळीक धरून 900. असाच हिशेब मेमरीचा आणि प्रोसेसरचाही करावा.

हे आकडे कागदावर लिहा आणि तीन विक्रेत्यांकडून त्याच आकड्यांवर दरपत्रक मागवा. मग कोण गरजेपुरते देतो आणि कोण गळ्यात मारतो, ते आपोआप कळेल, असे आम्हास वाटते.