साडेतीन हजार कुणाच्या खात्यात?

जून उजाडला की तालुक्याच्या गट साधन केंद्रात एक प्रश्न हमखास येतो. 'दिव्यांग मुलामागे सरकार वर्षाला साडेतीन हजार देतं म्हणे, मग आमच्या खात्यात अजून कसे नाही आले?' विचारणाऱ्या आईने आकडा बरोबर ऐकलेला असतो. गफलत होते ती त्यापुढच्या समजुतीत.

समग्र शिक्षा ही केंद्र आणि राज्याची सामायिक योजना २०१८-१९ पासून सुरू आहे. विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलामागे तिच्यात वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद धरतात. महाराष्ट्रात यातले साठ टक्के केंद्राचे आणि चाळीस टक्के राज्याचे. पण हे पैसे मुलाच्या नावाने वेगळे काढून ठेवलेले नसतात. जिल्ह्यात अशी किती मुलं आहेत यावरून एकूण रक्कम ठरते आणि ती तपासणी शिबिरं, श्रवणयंत्रं, चाकाची खुर्ची, ब्रेल आणि मोठ्या अक्षरांतली पुस्तकं, उपचारसेवा अशा कामांवर खर्च होते. त्यामुळे एका मुलावर काहीशे रुपयेच लागतात आणि दुसऱ्याच्या यंत्रावर कित्येक हजार. खात्यात थेट जमा होतात ते भत्ते: दिव्यांग मुलींना महिन्याला २०० रुपये, दहा महिने. शिवाय जी मुलं एकटी शाळेत येऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी निकषांनुसार मदतनीस भत्ता आणि प्रवास भत्ता असतो. आईने विचारायला हवं ते याच भत्त्यांबद्दल.

समग्र शिक्षेच्या आधीच्या सर्व शिक्षा अभियानाच्या सुरुवातीला हीच तरतूद १,२०० रुपये होती, मग ३,००० झाली आणि आता ३,५०० आहे. वर्षाच्या दिवसांनी भागलं तर दिवसाला दहा रुपयेही भरत नाहीत. दिव्यांग मुलांवर सरकार पैशांचा पाऊस पाडतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा भागाकार एकदा करून पाहावा.

मुळात ही रक्कम मुलांच्या मोजणीवर ठरते, आणि सगळ्यात महागात पडणारा गैरसमज याच मोजणीबद्दलचा आहे. शाळा दरवर्षी यू-डायस प्लस या प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती भरते. त्यात दिव्यांगत्वाचा रकानाही असतो. 'पोराला शिक्का बसेल, उद्या मुलीचं लग्न जमणार नाही' म्हणून कितीतरी घरांत ही गोष्ट शाळेपासून लपवतात. कधी शिक्षकच 'मूल जरा मंद आहे, येईल हळूहळू' म्हणून रकाना तसाच सोडतात. पुढच्या वर्षाची कार्ययोजना आणि अंदाजपत्रक याच आकड्यांवर तयार होतं आणि मंजुरीला दिल्लीला जातं. ज्याची नोंद नाही ते मूल त्या कागदावर नसतंच, मग त्याच्या वाट्याचं यंत्र तरी कुठून मंजूर होणार? पालकांची भीती खोटी नाही, समाजानेच ती त्यांच्या मनात घातली आहे. पण तिची किंमत मूल मोजतं. दिव्यांगत्वाची ओळख लवकर पटावी म्हणून एनसीईआरटीने 'प्रशस्त' नावाची तपासणी सूची आणि ॲप तयार केलं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ दिव्यांगत्वांची प्राथमिक लक्षणं शिक्षकाला त्यावरून टिपता येतात. हे डॉक्टरांचं निदान नव्हे. पुढच्या तपासणीला कुणाला पाठवायचं, एवढंच त्यातून कळतं.

तपासणीचा विषय निघाला की चाळीस टक्के दिव्यांगत्वाच्या दाखल्याचा घोळ सुरू होतो. 'चाळीस टक्क्यांचा दाखला नाही म्हणजे काहीच मिळत नाही,' हे वाक्य गावोगाव ऐकू येतं आणि ते अर्धंच खरं आहे. केंद्राची नववी-दहावीची शिष्यवृत्ती किंवा शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के जागांवर दिव्यांग म्हणून प्रवेश यांसाठी तो दाखला लागतो. (शिष्यवृत्तीसाठी पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावं लागतं. आरटीईच्या दिव्यांग प्रवेशाला मात्र उत्पन्नाचा दाखला लागत नाही, हे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं.) पण मुलाला वर्गात सामावून घेणं आणि त्याच्या गरजेप्रमाणे सोयी करणं ही शाळेची जबाबदारी आहे, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधल्या सोळाव्या कलमाने तिला चाळीस टक्क्यांची अट घातलेली नाही. ही जबाबदारी सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळांपुरतीच आहे, असंही नाही. कलमाचे शब्द अनुदानित किंवा मान्यताप्राप्त असे आहेत. त्यामुळे 'आमच्याकडे सोय नाही' म्हणून मुलाला दारातून परत पाठवणारी मान्यताप्राप्त खासगी शाळा कायदा मोडत असते.

मोफत शिक्षण आठवीला संपतं, ही समजूतही अशीच घट्ट आहे. आरटीई १४ वर्षांपर्यंत आहे, हे खरं. पण २०१६ च्या कायद्याचं ३१ वं कलम चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क देतं. जवळची शाळा की विशेष शाळा, ही निवडही मुलाकडेच सोपवतं.

विशेष शाळा म्हटलं की लोकांना देणगीवर चालणारी संस्था आठवते. संस्था स्वयंसेवी असतात, पण महाराष्ट्रातल्या अनुदानित विशेष शाळांचा वेतनखर्च शासन उचलतं. गोंधळ होतो तो खात्यांमुळे. साध्या शाळेतल्या दिव्यांग मुलाचा प्रश्न शालेय शिक्षण विभागाकडे जातो, तर विशेष शाळेतल्या मुलाचा दिव्यांग कल्याण विभागाकडे. हा स्वतंत्र विभाग राज्यात २०२२ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला. चुकीच्या खिडकीपुढे रांग लावून पालकांचे कितीतरी दिवस फुकट जातात.

अतितीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलासाठी गृहाधारित शिक्षणाचा पर्याय २०१२ च्या आरटीई दुरुस्तीने दिला. असं मूल शाळेच्या पटावरच असतं आणि विशेष शिक्षक घरी जाऊन शिकवतात. निवड मात्र पालकांनी करायची असते. शाळेला झेपत नाही म्हणून मुलाला घरी बसवणं याला गृहाधारित शिक्षण म्हणत नाहीत.

घरी जाऊन शिकवणारा हा माणूसच व्यवस्थेत सर्वांत दुर्लक्षित राहिला. रजनीश कुमार पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी विशेष शिक्षकांची पदं भरण्याचे आदेश दिले. त्यानंतर २०२२ मध्ये पहिली ते पाचवीत दहा मुलांमागे आणि सहावी ते आठवीत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण अधिसूचित झालं. महाराष्ट्रात वर्षानुवर्षं कंत्राटावर राबणाऱ्या विशेष शिक्षकांसाठी २०२४ मध्ये समूह साधन केंद्रांच्या स्तरावर ४,८६० पदांचा निर्णय झाला. यंत्रं आणि पुस्तकं येतात, पण ती वापरायला शिकवणारा माणूस टिकला नाही तर ती कपाटात पडून राहतात.

आणखी एक तिजोरी लोकांच्या लक्षातच येत नाही. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायती, जिल्हा परिषदा आणि नगरपालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो कशावर गेला, हे ग्रामसभेत उभं राहून कुणालाही विचारता येतं. शाळेच्या दारातला उतार किंवा एखाद्या मुलाच्या कुबड्या ही मागणीही तिथेच मांडून इतिवृत्तात लिहून घेता येते.