सॅक्सन म्हणजे नेमके कोण?

जर्मनीत आज कुणाला सॅक्सन म्हटलं, की तो ड्रेस्डेन किंवा लाइपझिगकडचा असं धरलं जातं. पण शार्लमेन ७७२ ते ८०४ या काळात ज्या सॅक्सनांशी लढला, ते तिथले नव्हतेच. त्यांचा मुलूख वायव्येला, वेझर नदीच्या आणि एल्बच्या मुखाच्या बाजूला. त्यांच्यातलेच काही त्याआधी इंग्लंडात उतरले होते. एसेक्स, ससेक्स, वेसेक्स ही नावं त्यांचीच. 'साख्स' या आखूड सुऱ्यावरून हे नाव पडलं असावं, असं सहसा मानतात.

मग हे नाव इतक्या दूर आग्नेयेला पोचलं कसं? लोक उठून गेले नाहीत, किताब गेला. हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

सम्राट फ्रीडरिख बार्बारोसाने ११८० मध्ये हेन्री द लायनकडून सॅक्सनीची ड्यूकगिरी काढून घेतली आणि मुलखाचे तुकडे केले. ड्यूक हा किताब मिळाला आस्कानियन घराण्यातल्या बर्नहार्डला. जुन्या मुलखाचा मोठा भाग त्याच्या हाती आलाच नाही. त्याची जमीन होती एल्बच्या मधल्या पट्ट्यात. पुढे या घराण्याच्या विटेनबर्ग शाखेला सम्राट निवडण्याचा हक्क होता आणि १३५६ च्या 'गोल्डन बुल' या फर्मानाने तो पक्का केला. ही शाखा निर्वंश झाल्यावर १४२३ मध्ये राजा सिगिसमुंडने तो मान माइसेनच्या वेटिन घराण्याला दिला. वेटिन मूळचे माइसेनचे, म्हणजे ड्रेस्डेनकडचे, पण सॅक्सनीचा किताब मानाने वरचा. साहजिकच त्यांनी तोच पुढे केला आणि हळूहळू त्यांचा सगळा मुलूख सॅक्सनी म्हणवू लागला. प्रजेने मात्र ना गाव बदललं होतं ना बोली.

मूळ सॅक्सन भूमीला वेगळं ओळखण्यासाठी 'खालचं' हे विशेषण जोडावं लागलं. हॅनोव्हर राजधानी असलेलं लोअर सॅक्सनी राज्य तर १९४६ चं आहे.

बाहेरच्यांनी हे नाव आणखी सैल वापरलं. फिनिश भाषेत अख्ख्या जर्मनीला 'साक्सा' म्हणतात, तर स्कॉटिश गेलिकमध्ये 'सासनाख' म्हणजे इंग्रज. बाराव्या शतकापासून ट्रान्सिल्व्हेनियात वसलेल्या जर्मनांपैकी बरेच ऱ्हाइन-मोझेल भागातले होते. हंगेरीच्या राजांच्या लॅटिन कागदपत्रांनी त्यांनाही सॅक्सन ठरवलं आणि त्यांचे वंशज आजही स्वतःला सॅक्सनच म्हणवतात.